स्वयंपाक, शिवणकाम की लाकूडकाम? कोकणातल्या विशेष मुलांसाठी निवड करताना

मूल 14-15 वर्षांचं झालं की पालक विचारतात, "लिहिणं-वाचणं जेमतेम येतं, आता हाताला काय शिकवायचं?" नव्याने विशेष वर्ग सुरू करणारे शिक्षकही हेच विचारतात, फक्त त्यांना एका खोलीत आणि तुटपुंज्या पैशांत दहा मुलांचं भागवायचं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यानंतर मात्र वाडीवर राहणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा घरच उरतं, कारण प्रौढांची कार्यशाळा असलीच तर लांब, शहराच्या ठिकाणी असते. हाती असलेल्या या तीन-चार वर्षांत शिकवलेलं पुढे घरातही चालू राहावं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खालची तुलना त्याच नजरेने केली आहे.

इंग्लंडमध्ये 1990 पासून लाकूड, कापड आणि खाद्यपदार्थ हे सगळं 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' या एकाच शालेय विषयात येतं. वस्तू कोणासाठी हे मुलाने ठरवायचं, ती करायची आणि जमली की नाही तेही त्यानेच पाहायचं, असा तिथला क्रम. आपल्या कार्यानुभवाच्या तासाला यातलं मधलं तेवढंच उरतं. बाई कापून देतात, मूल चिकटवतं. तिन्हींपैकी काहीही निवडा, पण सोलकढी किती आंबट हवी किंवा पिशवीला कुठला रंग लावायचा हे मुलालाच ठरवू द्या.

स्वयंपाक

स्वयंपाकघर प्रत्येक घरात असतं आणि केलेलं त्याच दिवशी खाता येतं. ज्या मुलाला 'पुढच्या आठवड्यात पूर्ण होईल' हे समजत नाही, त्याला अर्ध्या तासात हातात पेला मिळणं फार मोलाचं असतं.

सोलकढीचंच बघा. नारळ खवायचा, मिक्सरमध्ये पाणी घालून वाटायचा, पंचातून रस पिळायचा, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि मीठ घालायचं, ढवळायचं, पेल्यात ओतायचं. हे उलट्या टोकाने शिकवा. पहिले काही दिवस बाकी सगळं तुम्ही करा, मुलाने फक्त पेल्यात ओतायचं. ते जमलं की ढवळणं आणि ओतणं, मग आगळ मोजून घालणं. असं मागे मागे सरकत गेलं की काम रोज मुलाच्याच हाताने पूर्ण होतं. 'मी केली' असं म्हणायला त्याला पहिल्या दिवसापासून जागा राहते. आगळ मोजायच्या वाटीवर लाल चिकटपट्टीने खूण करा, अंक ओळखता यायलाच हवेत असं नाही.

नारळ खवणं ही अवघड पायरी. जमिनीवर बसून अडोळीवर (खवणी असलेल्या विळीवर) खवायचं तर पाठ, मांडी आणि दोन्ही हात सगळंच साथ द्यायला हवं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला ते बहुधा जमत नाही, आणि वर तोंड करून उभं पातं गर्दीच्या वर्गात नकोच. टेबलाला चिकटणारी, दांडा फिरवायची खवणी घ्या. ज्याचा हात स्थिर आहे त्याने कवड धरायची, ज्याचा एकच हात चालतो त्याने दांडा फिरवायचा, अशी जोडी लावा. कापण्यासाठी पाटाला स्टीलचे दोन खिळे खालून ठोकले, की त्यांत कांदा खोचून एका हाताने कापता येतो. पातेल्याखाली ओलं फडकं घातलं की ते सरकत नाही. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही.

आता धोके. आकडी येणाऱ्या मुलाला गॅससमोर किंवा उकळत्या तेलाजवळ उभं करू नये. इंडक्शन त्यातल्या त्यात बरं, पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून विस्तवाशिवाय होणाऱ्या पदार्थांनी सुरुवात करा. दडपे पोहे त्यासाठी उत्तम. पातळ पोहे, खोबरं, कांदा, लिंबू, मीठ, साखर, नारळाचं पाणी. फोडणी हवी तर ती तुम्ही द्या. गिळायला त्रास असलेल्या मुलाला चव देण्याआधी त्याच्या थेरपिस्टला विचाराच, कारण पातळ पेयानेही काहींना ठसका लागतो. काही स्वमग्न मुलांना लसणाचा वास किंवा चिकट ओलं खोबरं अजिबात सहन होत नाही. तो हट्ट नसतो. तेच मूल कोरडं मोजायचं काम मन लावून करताना दिसेल.

बिघडलेला पदार्थ मात्र परत नीट करता येत नाही. मीठ जास्त पडलं की पडलं.

बऱ्याच शाळांना कोकम-आंब्याचे पदार्थ विकायची कल्पना पहिल्यांदा सुचते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. आमसुलं करायची तर साली उन्हात वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असे पुटावर पुट चढवायचे. ऐन त्या दिवसांत शाळेला सुट्टी असते आणि शाळा उघडते तेव्हा पाऊस लागलेला असतो. शाळेत हा हंगाम धरणं कठीणच. पण घरी ज्यांची रातांब्याची झाडं आहेत त्या पालकांनी मुलाला हे काम जरूर द्यावं. फळ अर्धं करून बिया काढणं हे ठरावीक हालचालीचं काम आहे, विस्तव लागत नाही, आणि घरचे सगळे तेच करत असतात. विकायचं असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी, स्वच्छता आणि लेबल यांची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायची.

शिवणकाम

इथे चुकलेला टाका उसवता येतो. चुकायला घाबरणाऱ्या, रागावलं की काम टाकून देणाऱ्या मुलासाठी मी आधी शिवणच सुचवते. दुसरी सोय म्हणजे काम थांबतं आणि वाट बघतं. पावसात एसटी आली नाही, मूल आठवडाभर आलं नाही, तरी रुमाल जिथे राहिला तिथूनच पुढे सुरू होतो. जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही तेव्हा वर्गाला हेच काम सोयीचं.

सुरुवात मॅटीच्या (भरतकामाच्या जाळीदार विणीच्या) कापडावर, बोथट जाड सुईने आणि लोकरीने करा. मॅटीची भोकं डोळ्यांना दिसतात आणि बोटांनाही लागतात. एक हात चालत असेल तर भरतकामाची रिंग टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसवा. मग मांजरपाटावर धावदोरा. मशीन सगळ्यात शेवटी, आणि तेही प्रत्येकाला नाही. पायमशीनला दोन्ही पावलांची लय लागते. हातमशीनला एक हात चाकात अडकतो आणि कापड एकाच हाताने सरकवावं लागतं. विजेचं मशीन घ्यायचं तर वेग कमी ठेवता येणारं आणि सुईपुढे बोटांसाठी आडोसा असलेलं घ्या. खाऱ्या हवेत सुया आणि मशीनचे भाग गंजतात, तेव्हा तेल आणि कोरडा डबा यांत कुचराई नको.

उणी बाजू अशी की फळ उशिरा दिसतं. गोधडी सुंदर कल्पना आहे, जुन्या साड्या घरोघरी मिळतात, चार मुलं चार बाजूंनी बसू शकतात, पण ती संपेपर्यंत निम्म्या मुलांचा उत्साह संपतो. आधी गरम भांडं उचलायचं फडकं शिवा. ते त्याच आठवड्यात स्वयंपाकाच्या तासाला वापरता येतं, आणि जाडी कमी पडली तर हाताला ऊब जाणवते (परीक्षा कोमट भांड्यावर घ्या). दोन थर पुरत नाहीत हे मूल स्वतः शोधतं आणि तिसरा मागतं.

काथ्याचं काम आपल्याकडे जवळचं असलं तरी खरखरीत स्पर्श ज्यांना सोसत नाही त्यांच्यावर लादू नका.

लाकूडकाम

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं पाहून अनेकांना वाटतं की शाळेत हेच करावं. तिथलं कातकाम कसलेल्या कारागिरांचं आहे, वर्गात ते नाही. वर्गात घासणं, खिळा ठोकणं, चिकटवणं आणि रंगवणं एवढं होतं. लाकूड वाइसमध्ये घट्ट बसवून काचकागदाने घासण्यात जोर लागतो, आणि सतत हालचाल हवी असलेली काही मुलं त्या जोराच्या कामात शांत होतात. दृष्टिहीन मुलाला कुठे खरखरीत राहिलं ते हाताने बरोबर कळतं. गणपतीआधी माटवीची (मूर्तीच्या वर टांगतात त्या लाकडी मांडवीची) लहान चौकट करणं हा आमच्या भागात चांगला प्रकल्प. पण दम्याच्या मुलाला भुसा आणि आवाज सहन न होणाऱ्याला हातोडा, दोन्ही त्रासाचे. शिवाय जास्त कापलं गेलं तर लाकूड पुन्हा जोडता येत नाही, आणि घरी हे काम पुढे चालेल अशी घरं थोडी.

मग काय घ्यावं?

एकच निवडायचं असेल तर स्वयंपाक, आणि मुलगे असोत की मुली, दोघांनाही. "मुलगा आहे, त्याला कशाला?" असं घरून येतं. आई आजारी पडली त्या दिवशी स्वतःचं पोट भरता येणं त्याच्याही गरजेचं आहे, हे पालकांना स्पष्ट सांगा. चुकण्याची धास्ती असलेल्या किंवा वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला शिवण. अंगात जोर आहे पण बारीक काम जमत नाही, त्याला आठवड्यातून एक-दोन तास लाकूड, गावातल्या सुताराला बोलावून.

शाळेला जूनपासून सुरुवात करायची असेल तर दिवाळीपर्यंत हाताची शिवण आणि विस्तवाशिवायचे पदार्थ चालवा, ऊन पडलं की वाळवणाचे. पहिल्या खरेदीत फिरकीची खवणी, खिळ्यांचा पाट, मॅटी, लोकर आणि दोन क्लॅम्प पुरे. शिलाई मशीन दुसऱ्या वर्षी घ्या, तोवर ते कोणाच्या हातापायाला झेपेल हे तुम्हाला दिसलेलं असेल.