सी प्रकल्पासाठी कर्नेल, ग्नू की कर्ल शैली?

डिचोलीच्या दोघांनी पर्जन्यमापकाची नोंद वाचणारी, सी भाषेतली छोटी लायब्ररी मुक्त परवान्याखाली टाकली आहे. आता बाहेरच्यांचे पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, येऊ लागले, आणि प्रत्येकाचा कंस वेगळ्या जागी. फर्मागुडीला चहा घेताना त्यांनी विचारलं, कोड मांडायच्या शैलीचे नियम कुणाचे घ्यायचे? पातळ भाजी-पाव संपला, वाद संपला नाही. म्हणून नीट लिहून काढतोय.

स्वतःची शैली शोधत बसू नका, हे आधी सांगतो. तयार असलेल्यांतून एक उचला. माझ्या मते खरी निवड तिघांत आहे: लिनक्स कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ग्नू (मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प) आणि कर्ल (नेटवरून डेटा आणणारं साधन).

फरक बघायला एकच उदाहरण पुरे. फंक्शनमध्ये लूप, लूपमध्ये इफ, इफमध्ये आणखी एक लूप. सगळ्यांना महिरपी कंस. सर्वांत आतली ओळ कुठून सुरू होते? कर्नेलचा टॅब 8 रकान्यांचा, म्हणजे चार पायऱ्यांत 32 रकाने रिकामे गेले. ओळीला 80 रकान्यांची मर्यादा पाळली तर हातात 48 राहतात. कर्लमध्ये प्रत्येक पायरीला 2 स्पेस, म्हणजे फक्त 8. ग्नूतही पायरी 2 चीच, पण आतला कंस वेगळ्या ओळीवर 2 ने आत आणि त्यातला मजकूर आणखी 2 ने आत, त्यामुळे 14.

कर्नेलवाले या अडचणीलाच गुण मानतात. तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या तर प्रोग्रॅमच दुरुस्त करा, असं त्यांचा दस्तऐवज सांगतो. मला हे पटतं. नवशिक्याचं दीडशे ओळींचं फंक्शन उजव्या कडेला आपटलं की ते तोडावं लागतं, आपल्याला वेगळं बोलावं लागत नाही. 80 ची अटही आता तितकी कडक नाही. पॅच तपासणारी त्यांची चेकपॅच स्क्रिप्ट 2020 पासून 100 च्या पुढे गेल्यावरच कुरकुरते. शिवाय मेमरी सोडायला शेवटी एकच जागा आणि तिथे जायला गोटू (थेट उडी मारणारी आज्ञा), ही त्यांची पद्धत कुठल्याही सी प्रकल्पाने घ्यावी अशी आहे. गोटू म्हणजे पाप, असं कॉलेजात शिकून आलेली मुलं दचकतात, ते सोडा.

ग्नूत फंक्शनचं नाव पहिल्या रकान्यात येतं, परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार त्याच्या वरच्या ओळीवर. ग्रेप या शोधायच्या साधनाने व्याख्या शोधताना याची मजा कळते. पण फंक्शनच्या नावानंतर कंसाआधी स्पेस द्यायची सवय बोटांना लागेपर्यंत जीव जातो. ग्नूच्याच एखाद्या प्रकल्पात उतरायचं नसेल तर मी यात पडणार नाही.

कर्लची शैली आटोपशीर: टॅब नाही, ओळ 79 पर्यंत, इफनंतर स्पेस नाही, एल्स नव्या ओळीवर. लांब नावांची, कॉलबॅकने (दुसऱ्या फंक्शनला सोपवलेल्या फंक्शनने) भरलेली लायब्ररी असेल तर हीच घ्या.

तपासणीचं काम मात्र माणसावर टाकू नका. कोड आपोआप मांडून देणाऱ्या क्लँग-फॉरमॅटमध्ये ग्नू शैली तयार मिळते, आणि कर्नेलच्या सोर्समध्ये त्याची सेटिंगची फाइल ठेवलेलीच आहे. गेल्या पावसाळ्यात मी एका प्रकल्पाला पॅच पाठवला. दुरुस्ती दोन ओळींची. एडिटरने सगळ्या फाइलचे टॅब बदलून टाकले आणि डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, सहाशे ओळींच्या वर गेला. समोरच्याने न वाचताच परत पाठवला. बरोबरच केलं त्याने. जुनी फाइल सजवायचीच असेल तर तो कमिट (नोंदवलेला बदल) वेगळा करा; कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये 2.23 पासून असे कमिट ब्लेममधून, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली त्या यादीतून, वगळता येतात.

डिचोलीकरांनी शेवटी कर्नेलची शैली घेतली. त्यात स्विचमधला केस, म्हणजे एकेक पर्याय, स्विचच्याच रकान्यात येतो, आत सरकत नाही. त्यावरून एकाची कुरकुर अजून चालू आहे.