मूड ट्रॅकर उडवला, मूडजिम ठेवलं

परीक्षेच्या आधी झोपेचं पार खोबरं झालं होतं तेव्हा मी एक मूड ट्रॅकर घेतला होता, नाव राहू दे. रोज पाच इमोजींपैकी एक निवडायचा, बस्स. आता हुरहूर, धास्ती आणि नुसती चिडचिड, तिन्ही त्या एकाच उतरलेल्या तोंडात कोंबायची कशी? वर एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटेल म्हणून रात्री साडेअकराला टुंग! झोप लागत नाही म्हणून घेतलेलं ॲप मला झोपेतून उठवतंय. डिलीट.

मग मूडजिम, उदासी आणि धास्तीसाठीचा ऑनलाइन कोर्स. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तयार झालेलं, २००१ मध्ये सुरू झालेलं, सीबीटीवर (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे आपले विचार तपासून बदलायची पद्धत) आधारलेले ५ मॉड्यूल. वाचायचं आणि स्वतः लिहायचं, नुसतं स्क्रोल करून काही हाती लागत नाही.

सीबीटीची गंमत मला एका फालतू गोष्टीवरून कळली. मैत्रिणीने मेसेज बघितला, रिप्लाय नाही, माझं डोकं लगेच "चिडलीये ती". तर हा विचार लिहायचा, शेजारी त्याचा पुरावा, मग उलटा पुरावा, आणि लिहायला बसल्यावर दिसलं की पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त दोन निळ्या टिका आहेत 😅 उलट बाजूला मात्र तिची नाइट शिफ्ट, कालचा तासभराचा कॉल, बरंच काही. पहिल्यांदा बालिश वाटतं हे, पण चार-पाचदा केल्यावर डोकं आपोआप विचारायला लागतं, पुरावा काय?

रकाने मी मराठीतच भरले. धास्तीला ॲन्झायटी म्हटलं की ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटते.

असले कोर्स बहुतेक जण अर्ध्यात सोडतात, मागे विचारणारं माणूस असलं की जास्त टिकतात. ताई दर रविवारी "किती झालं गं" विचारायची म्हणून मी टिकले.

आणि हो, बऱ्याच साइटवर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली असते, मागच्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, स्कोर ० ते २७. ते निदान नाही, पण १० किंवा जास्त आला तर डॉक्टरांना दाखवाच. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, तिथे "अजिबात नाही" सोडून दुसरं काहीही उत्तर असेल तर एकूण स्कोर बघतच बसू नका, टॅब बंद करा आणि जवळच्या माणसाला फोन लावा, ते काम कुठल्याच वेबसाइटचं नाही.

माझ्याकडून मूडजिमला ५ पैकी ४ स्टार. नात्यांवरचं पाचवं मॉड्यूल राहिलंय, झालं की अपडेट टाकते.