घरी बनवलेल्या सीएनसी राऊटरचं स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स: इंदुरात गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

पुढचं सगळं वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. लाकूड कोरणाऱ्या सीएनसी राऊटरला, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने चालणाऱ्या मशीनला, कंट्रोलर (मोटरींना हुकूम देणारा बोर्ड) स्वस्तातला चालतो, अगदी बिनधास्त चालतो. हात आखडता घ्यायचा नाही तो ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा डबा), पॉवर सप्लाय आणि वायरिंगमध्ये. लोक नेमकं उलटं करतात. कोणता बोर्ड घ्यावा यावर महिनोन्महिने खल चालतो आणि वायर मात्र घरात पडलेली वापरतात.

माझं मशीन लोखंडी चौकटीवर आहे. कामाची जागा 900 बाय 600 मिलिमीटर, तिन्ही अक्षांना सरकवायला 1605 बॉलस्क्रू, वायला दोन मोटरी, म्हणजे एकूण चार नेमा 23 मापाच्या स्टेपर मोटरी. स्पिंडल, म्हणजे कापणारा बिट फिरवणारी मोटर, म्हणून साधा ट्रिम राऊटर. मागच्या गणपतीच्या मखरासाठी पहिल्यांदा खरं काम काढलं. तेव्हापासून नावाच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, एमडीएफचे साचे आणि अधूनमधून सागवान असं चालू आहे. नोकरी पीथमपूरला, त्यामुळे मशीन चालतं ते संध्याकाळी आणि रविवारी. कारखान्यासारखा रोजचा मारा त्याच्यावर नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कंट्रोलरसाठी तीन-चार वाटा समोर होत्या. जुना डेस्कटॉप, त्याचा पॅरलल पोर्ट आणि माक थ्री ही वाट अजूनही बरेच जण धरतात. पण माक थ्री या सॉफ्टवेअरचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर प्रोग्राम 64 बिट विंडोजवर चालत नाही, म्हणजे एका सॉफ्टवेअरसाठी जुनं खोकं सांभाळत बसायचं. लिनक्स सीएनसी फुकट आहे आणि दमदारही आहे, पण संगणक जुनाच लागतो. बाजारातल्या तयार राऊटरला असतो तसा हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर उत्तम, पण त्याच्या किमतीत माझं सगळं इलेक्ट्रॉनिक्स येऊन वर पैसे उरतात. राहिला आर्डुइनो ऊनो हा छोटा बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल.

जीआरबीएल हे सिमेन स्वाले स्कॉग्सेथ या नॉर्वेच्या गृहस्थाने 2009 मध्ये सुरू केलेलं फुकट फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या चिपमध्येच बसणारा प्रोग्राम. ऊनोवरच्या एटीमेगा 328पी चिपमध्ये 32 केबी फ्लॅश आणि फक्त 2 केबी रॅम. एवढ्यात ते तीन अक्षांचा वेग आणि प्रवेग नीट सांभाळतं. मर्यादा एकच लक्षात ठेवायची: सेकंदाला साधारण 30,000 पल्स, म्हणजे मोटरला एक पाऊल सरकायचे इशारे. त्याचा हिशेब असा. मोटरच्या एका फेऱ्याला 200 स्टेप, मायक्रोस्टेपिंग, म्हणजे ड्रायव्हर एका स्टेपचे करतो ते भाग, 8 ठेवलं तर 1600 पल्स. 1605 स्क्रू एका फेऱ्यात 5 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला 320 पल्स. मिनिटाला 3000 मिलिमीटरच्या वेगाने धावायचं तर सेकंदाला 16,000 पल्स लागतात. आरामात जमतं. मायक्रोस्टेपिंग 16 केलंत की तोच आकडा 32,000 होतो आणि चिप मागे पडते. जास्त मायक्रोस्टेप म्हणजे जास्त अचूक, असं समजून 32 वर स्विच टाकणारे पुष्कळ दिसतात. लाकडात त्याचा उपयोग शून्य, वेग मात्र जातो.

माझा ऊनो क्लोन आहे, यूएसबीसाठी सीएच 340 चिपवाला. त्यावर सीएनसी शील्ड व्ही 3 हा जोडबोर्ड. शील्डवर ए 4988 चे छोटे ड्रायव्हर बसतात, पण ते नेमा 17 साठी ठीक. नेमा 23 ला लागणारे अडीच-तीन अँपिअर त्यांच्याने होत नाहीत. मी शील्ड फक्त स्टेप आणि डिरेक्शनचे सिग्नल बाहेर काढायला वापरतो. घेणाऱ्यांसाठी एक खाचखळगा: शील्डवरची छापील नावं जुन्या जीआरबीएलची आहेत. झेडचा लिमिट स्विच (अक्ष टोकाला पोचला की दबणारा) ‘झेड’ लिहिलेल्या पिनवर नाही, तर स्पिंडल एनेबल लिहिलेल्या पिनवर जोडायचा. हे माहीत नसेल तर माणूस स्विच बदलत बसतो.

बोर्डाची एकच कुरकुर. पाट्या, जाळ्या, खाचा यात तो कधी अडखळत नाही, पण उठावाचं काम, म्हणजे गणपतीची मूर्ती वगैरे, हजारो बारीक रेषांचं असतं. तिथे सीरियल पोर्टवरून माहिती पुरेशा वेगाने येत नाही आणि मशीन चालता चालता गचके खातं. असंच काम मुख्य असेल तर ईएसपी 32 वरचं फ्लुइड एनसी बघा, त्यात फाइल एसडी कार्डावरून चालते. फक्त ईएसपीचे सिग्नल 3.3 व्होल्टचे असतात आणि काही ड्रायव्हर 5 व्होल्टशिवाय ऐकत नाहीत. मध्ये 74एचसीटी मालिकेतली बफर चिप टाकावी लागते.

आता ड्रायव्हर. सुरुवातीला चारही टीबी 6600 होते, कारण सगळीकडे तेच मिळतात आणि 800 च्या आसपास येतात. जेल रोडवर दोन वेगवेगळ्या छपाईचे डबे समोर ठेवून दुकानदाराला फरक विचारला, तर म्हणाला, “भिया, सब एक ही है, ले जाओ, चलेगा.” चालतात, यात वाद नाही. पण नाव टीबी 6600 असलं तरी आत तीच चिप असते असं नाही. या लहान डब्यांत बऱ्याचदा टीबी 67एस109 असते. 42 व्होल्ट ही डब्यावर लिहिलेली मर्यादा पाळावी आणि वरच्या टोकाचे अँपिअर कागदावरचेच समजावेत.

एक्स आणि झेडवर ते आजही आहेत, तक्रार नाही. वायवर मात्र गोष्ट वेगळी. गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी कमान, जड, आणि मिनिटाला 2000 मिलिमीटरच्या आसपास गेलं की मोटरी आधी घोगऱ्या व्हायच्या, मग कर्कश किंचाळून जागच्या जागी थरथरायच्या. त्याहून हळू चालवा, गप्प. हा मधल्या वेगातला रेझोनन्स, म्हणजे मोटर आपल्याच कंपनात अडकणं, स्टेपर मोटरचा जन्मजात गुण. एका देवघराच्या जाळीत शेवटच्या दोन ओळींतली फुलं सरकलेली निघाली, आणि मिस्त्रीने बोट ठेवून विचारलं, “भैया, हे असंच डिझाइन आहे का?” त्यानंतर वायच्या दोन्ही मोटरींना डीएम 542 लावले. तीच मोटर, तोच स्क्रू, तोच वेग, आणि किंचाळणं गेलं. डीएम 542 डिजिटल आहे, करंटचा आकार सुधारून रेझोनन्स दाबतो. किंमत दुपटीहून जास्त, 2000 च्या घरात. माझं मत: पैसे बेताचे असतील तर जड अक्षाला डीएम 542 आणि बाकीच्यांना टीबी 6600, असं मिसळून खुशाल लावा. चारही सारखेच हवेत असा काही नियम नाही.

मोटर गरम होते म्हणून घाबरून करंट कमी करणारेही भेटतात. स्टेपर हात टेकवेनासा गरम होणं हे त्याच्या मर्यादेतलंच आहे. थांबलेल्या मोटरला अर्धाच करंट द्यायचा स्विच डीएम 542 वर असतो, तो अर्ध्या करंटच्या बाजूला ठेवा, बराच फरक पडतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधी काढू नका. ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

पॉवर सप्लाय 36 व्होल्ट, 10 अँपिअर. 24 व्होल्टचा स्वस्त पडतो, पण वेग वाढला की मोटरच्या कॉइलमध्ये करंट भरायला वेळ पुरत नाही आणि जोर ओसरतो. व्होल्टेज जास्त असेल तर तो लवकर भरतो. बाकी, चार मोटरींची बेरीज 11 अँपिअरच्या वर जाते म्हणून 15 अँपिअरचा घ्यायची गरज नाही. हे ड्रायव्हर करंट कापून कापून देतात, सप्लायवर बेरजेइतका भार येत नाही. घेतल्या घेतल्या बाजूच्या भोकातून आतला 115/230 चा सरकता स्विच बघा. तो 115 वर असेल आणि तुम्ही आपली वीज जोडलीत, तर धूर.

खरी डोकेदुखी मात्र यातल्या कशातच नव्हती, ती नॉइजमध्ये, म्हणजे विजेच्या गोंगाटात होती. ट्रिम राऊटरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, ते सतत ठिणग्या पाडतात. राऊटर बंद ठेवून हवेत प्रोग्राम चालवला की सगळं सुरळीत, राऊटर चालू केला की मध्येच ‘अलार्म 1’. म्हणजे बोर्डाला वाटतं की मशीन लिमिट स्विचला धडकलं. धडकलेलं काहीच नसतं. लांब वायर अँटेनासारखी ठिणग्यांचा गोंगाट उचलते.

उपाय एकेक करून लावले. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने (न दबलेला असताना जोडलेला) जोडले आणि जीआरबीएलमधल्या $5 या सेटिंगची किंमत 1 केली. यात वायर कायम ग्राउंडला टेकलेली राहते, त्यामुळे गोंगाट कमी शिरतो, आणि वायर तुटली तर लगेच कळतं. शील्डच्या प्रत्येक लिमिट पिनवर ग्राउंडला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. वायर शील्डेड, म्हणजे धातूच्या जाळीच्या आवरणाची घेतली, तिची जाळी फक्त कंट्रोल बॉक्सच्या टोकाला अर्थ केली, मशीनकडच्या टोकाला मोकळी सोडली. दोन्हीकडे जोडली तर जाळीतूनच करंट फिरतो. आणि राऊटरची वीज वेगळ्या केबल चेनमधून नेली. कपॅसिटर आणि शील्डेड वायर यांनी नव्वद टक्के काम केलं असावं असा माझा अंदाज आहे.

उरलेलं काम अर्थिंगचं. आमचं घर जुनं. सप्लायच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली की बारीक झिणझिण्या यायच्या. मीटरने बघितलं तर पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात शंभरच्या वर व्होल्ट. सप्लायच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट पत्र्यावर सोडतात. अर्थ नीट असेल तर तो जमिनीत जातो, आमच्या सॉकेटमध्ये तिसरं भोक होतं पण मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनकडून अंगणात नवा खड्डा करून घेतला. माळव्याची काळी माती ओली असेपर्यंत उत्तम, उन्हाळ्यात भेगा पडून कोरडी होते, म्हणून एप्रिलपासून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओततो. घरचे हसतात.

आणि तरीही थंडीत नवा प्रकार. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा, एमडीएफचा भुसा, आणि तो ओढणारा व्हॅक्यूमचा प्लॅस्टिक पाइप. भुसा पाइपातून घासत गेला की स्थिर वीज साठते. पाइपाजवळ हात नेला की चटका, आणि त्याच वेळी लॅपटॉपवर यूएसबी तुटल्याचा आवाज. पाट्यांचं काम अर्ध्यावर. पाइपावर उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थला जोडली, काही तार आतूनही नेली, यूएसबी केबल आखूड आणि नॉइज अडवणाऱ्या फेराइटच्या गोळ्याची घेतली. थंडी संपेपर्यंत पुन्हा झालं नाही.

डब्याबद्दल थोडक्यात. ड्रायव्हर आणि सप्लाय बंद पत्र्याच्या डब्यात, आत हवा ढकलणारा पंखा आणि त्यावर फिल्टर. पंखा आत ढकलणाराच असावा, म्हणजे फटींतून भुसा आत खेचला जात नाही. मे महिन्यात पारा 40 च्या वर असतानाही ड्रायव्हर तापून बंद पडले नाहीत. संकटात दाबायचं लाल मशरूम बटण शील्डच्या अबॉर्ट पिनवर लावून समाधान मानू नका. ते कॉन्टॅक्टरवर, म्हणजे मुख्य वीज तोडणाऱ्या मोठ्या रिलेवर लावा, म्हणजे दाबल्यावर ड्रायव्हर आणि राऊटर दोन्हींची वीज जाईल. बोर्ड अडकला तर अबॉर्टचं कोण ऐकणार?

सॉफ्टवेअरमध्ये फक्त मराठी पाट्या करणाऱ्यांसाठी सांगतो. इंकस्केपमध्ये देवनागरी अक्षरं पाथमध्ये बदलली की शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या राहतात. तसंच मशीनला दिलंत तर बिट प्रत्येक जोडावर आडवी चीर पाडत जातो. सगळं निवडून युनियन करा, मग जी-कोड, म्हणजे मशीनच्या हालचालींची फाइल काढा. ती मशीनकडे पाठवायला मी यूजीएस हा प्रोग्राम वापरतो. लॅपटॉपची झोप आणि अपडेट आधी बंद करावी लागतात, नाहीतर काम चालू असताना तोच झोपी जातो.

हिशेब: बोर्ड आणि शील्ड मिळून 700 च्या आत. ड्रायव्हर चार मिळून साडेपाच हजारांच्या आसपास, सप्लाय 2000. शील्डेड वायर, केबल चेन, ग्लँड, कॉन्टॅक्टर, डबा हे बहुतेक सियागंजातून, आणि तिथे जवळजवळ 4000 गेले. मोटरी सोडून एकूण 12,000 च्या थोडं वर. यातला बोर्डाचा वाटा बघा, म्हणजे सुरुवातीला काय म्हटलं ते आकड्यांत दिसेल. त्याच कारणाने मी एक जादा ऊनो सेटिंग भरून खणात ठेवला आहे. तो अजून लागलेला नाही.

पुढे ट्रिम राऊटरऐवजी खास स्पिंडल मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा व्हीएफडी घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. 2.2 किलोवॅटचा पाण्यावर थंड होणारा स्पिंडल 24,000 आरपीएमला ट्रिम राऊटरपेक्षा कितीतरी शांत चालतो, आणि रविवारी दुपारी शेजारच्या काकांची झोपमोड होणार नाही हा फायदा लहान नाही. पण व्हीएफडी म्हणजे नॉइजचा नवा कारखाना. शील्डेड स्पिंडल केबल, वेगळा डबा आणि पक्कं अर्थिंग यांचे पैसे त्याच्या किमतीत धरूनच भाव बघा. मी तसे धरले, आणि सध्या ट्रिम राऊटरचे नवे ब्रश मागवले आहेत.