धाक ठेवू का माया लावू?

भाची यंदा बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाली. आठवड्यात फोन, "मामा, वर्ग ऐकतच नाही. धाक ठेवू का माया लावू?"

छडीचा प्रश्नच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आहे. धाक म्हणजे उरला आवाज आन् डोळे.

शांततेत धाक पुढं. दोन मिनिटांत वर्ग गप्प. सर ऑफिसात गेले की पुन्हा कल्ला. मायेला महिना-दोन महिने लागतात, आणि नियम ठरवले नाहीत तर पोरं डोक्यावर बसतात. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

शिकण्यात मात्र फरक मोठा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं पोरगं मार्च-एप्रिलात परत येतं, वजाबाकी विसरून. "इतके दिवस कुठं होतास?" असं दरडावलं की ते मागच्या भिंतीला चिकटतं, वही पोटाशी धरून. शेजारी बसून "हातचा कुठं गेला, बघू" म्हटलं, तर चुकायची हिंमत करतं. भ्यालेलं पोर पाठांतर करतं, शंका विचारत नाही.

मेहनत? धाकाला घसा लागतो, मायेला रोजची चौकशी.

सहल, रस्ता ओलांडणं, भरमसाट पटाचा नवा वर्ग, इथं कडक आवाज बरा. वाचन, गणित आणि तोडीवरून आलेली पोरं असतील तर मायाच. भाचीला म्हटलं, तुझ्या दुसरीला माया लाव. खिचडीच्या रांगेत तेवढा आवाज चढव.