टाइमर लॉकचा डबा, सात महिने रोज वापरल्यावर

मोबाईल आत टाकून वेळ लावली की ती संपेपर्यंत उघडतच नाही असा एक प्लॅस्टिकचा डबा ऑनलाइन मिळतो, तो मी जूनमध्ये मागवला, साडेचौदाशेला पडला. तेव्हापासून रोज वापरतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तोच साचा चार वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे, त्यामुळे नावापेक्षा काय बघून घ्यायचं ते सांगतो.

झाकणावर एक गोल बटण असतं, ते फिरवून वेळ लावायची, माझ्यात एक मिनिटापासून दहा दिवसांपर्यंत लागते. बटण दाबलं की पाच सेकंद मोजतो, तेवढ्यात मन बदललं तर परत दाबून रद्द करता येतं, ते पाच सेकंद गेले की आतली मोटर घर्र करते आणि खटका बसतो. मग पासवर्ड नाही, किल्ली नाही, काही नाही. उघडायचाच म्हटलं तर हातोडा घ्यायचा.

आता हे घ्यायची वेळ का आली ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ह्या रिव्ह्यूला अर्थ नाही.

आमच्या आण्णांना 2019 ला पार्किन्सन्स निघाला, म्हणजे मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन कमी पडून हात थरथरतात आणि हालचाल मंदावते तो आजार. मिरजेत दाखवलं, गोळ्या चालू झाल्या, त्यात एक प्रामिपेक्सोल होती, ही गोळी मेंदूत डोपामाइनसारखं काम करते. थरथर कमी झाली, चालणं सुधारलं, आम्ही खूश. मग वर्षभराने आईने गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली लॉटरीच्या तिकिटांचा गठ्ठा, रबर लावून नीट तारखेप्रमाणे ठेवलेला. आण्णा म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, दिवाळीत पण पत्त्याला हात न लावणारा. हिशेब केला तर अडतीस हजार गेलेले. घरात रडारड झाली, आई तर चार दिवस बोलत नव्हती. डॉक्टरांना सांगितलं तर ते पटकन म्हणाले की हा ह्या गोळ्यांचा माहितीतला परिणाम आहे, काही जणांना जुगाराचा, काहींना खरेदीचा, काहींना खाण्याचा नाद लागतो, आणि पेशंट लाजेपोटी सांगत नाहीत. त्यांनी डोस हळूहळू कमी करून दुसरी गोळी बसवली आणि दोन-अडीच महिन्यांत ते वेड उतरलं. (कोणाच्या घरात ह्या गोळ्या चालू असतील आणि असं काही दिसलं तर कृपा करून स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, पण सांगा नक्की.)

नंतर एकदा मी आण्णांना विचारलं की तुम्हाला पैसे कशाला लागत होते. ते म्हणाले, "पैसे नको होते रे. उद्या निकाल आहे एवढंच बरं वाटायचं. निकाल बघितला की परत सगळं सुनं सुनं, लागलं असलं तरी."

मी त्या रात्री झोपलोच नाही, कारण हे तंतोतंत माझं होतं. मला कुठली गोळी नाही, पण मी रात्री दीड वाजेपर्यंत रील बघायचो, त्यातली एक आठवायची नाही, शेअर बाजाराचं ॲप दिवसात पन्नास वेळा उघडायचो, मार्केट बंद असताना पण. काहीतरी ऑर्डर करायचो, पार्सल येईपर्यंत दिवसभर ट्रॅक करायचो आणि आलेलं पार्सल दोन दोन दिवस फोडायचो नाही. मजा वस्तूत नव्हतीच, वाट बघण्यात होती.

मग वाचत गेलो. वोल्फ्राम शुल्ट्स म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळांचा रस दिला की सुरुवातीला डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर पेटायच्या, पण रसाआधी खूण दाखवायची सवय लावल्यावर पेशी त्या खुणेलाच पेटायला लागल्या आणि रस आला तेव्हा गप्प. आणि 2003 मध्ये त्यांच्याच टीमने दाखवलं की खूण दिसल्यापासून रस येईपर्यंतच्या मधल्या वेळात ह्या पेशींची जी चढती हालचाल असते, ती रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा सगळ्यात जास्त. नक्की मिळणार असेल किंवा नक्की मिळणार नसेल तर तेवढी नाही. मला हे वाचून एकदम लॉटरीचं तिकीट दिसलं, आणि बोटाने खाली ओढून रिफ्रेश करतो ते दिसलं.

ह्या डब्याचं खरं काम मला तिथेच कळलं. आधी मी सगळं करून बघितलं होतं, फोन उलटा ठेवला, स्क्रीन काळी-पांढरी केली, ॲप काढून टाकलं आणि त्याच रात्री परत घेतलं, फोन बंद करून आतल्या खोलीत कपाटात ठेवला. कपाटात ठेवला तरी डोकं कपाटातच, कारण उठून घेता येतो ना. शक्यता शिल्लक आहे म्हटल्यावर मन भांडतच राहतं, घेऊ का नको, पाच मिनिटंच घेतो, आणि ह्या भांडणात संध्याकाळ जाते. डब्याचा खटका बसला की भांडणच संपतं, कारण मिळणार नाही हे नक्की असतं.

पहिल्या दिवशी मी संध्याकाळी सातला पंचेचाळीस मिनिटं लावली आणि लाइट बिलाच्या मागे पेनाने रेघा मारत बसलो, हात खिशाकडे गेला की एक रेघ. कुकरची शिट्टी झाली, हात गेला. मुलीने काहीतरी विचारलं, उत्तर द्यायच्या आधी हात गेला. पहिल्या पंचवीस मिनिटांत अकरा रेघा. नंतरच्या वीस मिनिटांत दोन. ते बिल मी अजून ठेवलंय. त्या दोन रेघांच्या मधल्या वेळात मुलीने शाळेतली एक लांबलचक गोष्ट सांगितली, आणि ती मला अजून पूर्ण आठवते.

सातचीच वेळ का, तर आमच्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं, पोरं अभ्यासाला बसतात. मला ते फार पटतं, कारण तिथे एकट्याने मन आवरायचं नाही, भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. आमच्या कॉलनीत भोंगा नाही म्हणून आमच्या घरापुरता हा डबा. आता मी पण दीड तास लावतो, बायकोचा फोन पण त्यातच.

त्रासाच्या गोष्टी पण आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे माझ्या डब्याचं खालचं भांडं पारदर्शक आहे. मेसेज आला की आतून स्क्रीन उजळते आणि ती दिसते, मग परत तेच, कोणाचा असेल, काय असेल. पहिला आठवडा ह्यामुळेच वाईट गेला, शेवटी आतून वर्तमानपत्राचा कागद लावला. तुम्ही घेणार असाल तर पांढरा, आरपार न दिसणाराच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील, आणि आत ठेवण्याआधी फोन सायलेंट करा. दुसरं, फोन आला तर घेता येत नाही. घरात आजारी माणूस असताना हे चालणार नाही म्हणून मी एक बटणांचा साधा फोन घेऊन ठेवला, त्याचा नंबर पाच जणांकडेच आहे. हा खर्च धरूनच चला. तिसरं, सेल. दोन पेन्सिल सेल लागतात, ते उतरले की झाकण अडखळतं, मी चार महिन्यांनी बदलले. फोन चार्जिंगला लावून आत कोंडू नका, गरम होतो. टॅबलेट मावत नाही.

मला पहिला पीस खराब आला होता, खटका बसायचाच नाही, झाकण ओढलं की उघडायचं. विकणाऱ्याने बदलून द्यायला एकोणीस दिवस लावले, रोज वेगळा माणूस फोनवर आणि रोज पहिल्यापासून सांगायचं. आल्या आल्या रिकामा डबा एक मिनिट लावून, झाकण ओढून बघा, फोन नंतर ठेवा.

आणि डबा काय करत नाही ते पण लिहितो. पहिले दोन आठवडे मी सातनंतर सारखा फरसाणाच्या बरणीकडे जात होतो, ओढ वाट बदलते. ती महिन्याभराने बरीच उतरली, रात्रीचं जागणं मात्र दोन महिन्यांनी. ज्यांना एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) आहे किंवा नाद इतका आहे की नोकरी, पैसा, झोप सगळं हातातून चाललंय, त्यांनी डब्यावर विसंबू नये, बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये मोबाईल-इंटरनेटच्या नादासाठी 2014 पासून शट क्लिनिक आहे, नाहीतर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ गाठा. लाजू नका, आण्णा लाजले म्हणून अडतीस हजार गेले आणि आईचं वर्ष वाईट गेलं.

हे डबे 'डोपामाइन डिटॉक्स' म्हणून विकतात त्याचा मला खरंच राग येतो. डोपामाइन म्हणजे अंगातली घाण नाही, धुऊन काढायला. ते कमी पडलं की काय होतं ते मी रोज सकाळी बघतो, आण्णांना सदऱ्याचं एक बटण लावायला चार मिनिटं लागतात आणि त्या चार मिनिटांत ते कोणाला मदत करू देत नाहीत. असल्या वस्तूवर तो शब्द छापू नये.

बाकी वस्तू कामाची आहे. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो पारदर्शक भांड्यासाठी. आण्णा संध्याकाळी हॉलमध्येच बसलेले असतात, घर्र आवाज आला की म्हणतात, "लावलं का कुलूप, मग ये इकडे," आणि मी जाऊन बसतो.