बुबुळामागच्या लेन्सची सोनोग्राफी: यूबीएम तपासणीचा अनुभव

चष्म्याचा मोठा नंबर घालवण्यासाठी डोळ्यात बसवलेली लेन्स जागेवर आहे ना, हे पाहणारी यूबीएम (अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपी, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागाची सूक्ष्म सोनोग्राफी) तपासणी मला अत्यंत मोलाची वाटली. प्रकाशावर चालणारी ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) ही डोळ्याची स्कॅन तपासणी बुबुळाच्या रंगीत पडद्यापाशी अडते. सुमारे 50 मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी मात्र त्यापलीकडे पोहोचतात आणि लेन्सचे पाय नेमके कुठे टेकले आहेत, हे स्क्रीनवर दिसते. लेन्स व नैसर्गिक भिंग यांतले अंतर साधारणपणे 250 ते 750 मायक्रॉन असावे, कारण ते फार कमी असल्यास मोतीबिंदूचा आणि फार जास्त असल्यास डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. तंत्रज्ञांनी ते मोजून, समजावून सांगितले. बधिर करणाऱ्या थेंबांमुळे दुखले नाही, तरी सलाईनने भरलेली छोटी वाटी डोळ्यावर टेकलेली असताना नजर स्थिर ठेवणे कठीणच जाते.