खिंडसीसाठी शिडाची होडी: सागवानी फळ्या की मरीन प्लाय?

सागवानाला आपल्याकडे तोटा नाही. तरीही नागपूरजवळच्या खिंडसी तलावासाठी, घरच्या चौघांना पुरेल अशी पंधरा फुटी होडी नागपुरात बांधायची, तर आमचा कौल प्लायला आहे. कारण होडी वर्षातले बहुतेक दिवस पाण्यात नाही, अंगणात ट्रेलरवर उभी असणार. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की १८ मिमीच्या फळ्या सुकून आक्रसतात आणि सांध्यांत भरलेला कापूस आणि लांबी (पुट्टी) सैल पडते. पाण्यात उतरवली की होडी आधी गळते. लाकूड फुगून फटी मिटायला एक-दोन दिवस लागतात. रविवारच्या फेरीला एवढा वेळ कुठला? शिवाय या फळ्यांचं चौरस मीटरला वजन सुमारे १२ किलो. ६ मिमी प्लायचं जेमतेम ४.

प्लाय मात्र आयएस ७१०च (मरीन प्लायचं भारतीय मानक) घ्या. तांब्याच्या तारेने तुकडे शिवा, आतून सांध्यांत इपॉक्सीची (घट्ट चिकटणारी कृत्रिम राळ) लांबी भरा, वर काचतंतूंच्या कापडाची पट्टी चढवा. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे तीन हात हवेतच, कारण पाणी शिरतं ते तिथूनच. हात संध्याकाळी, लाकूड थंडावत असताना द्या. सकाळी दिलेत तर तापत्या लाकडातली हवा बाहेर येऊन बुडबुडे धरतात.

डोलकाठी दोन्हींत लाकडीच, आणि रेषा सरळ असलेल्या लाकडाची.